बर्च फॉल्सचे अनाथ

बर्च फॉल्स,
ऑक्टोबर १९७१

प्रिय ओविला,

पाकिटावर माझं नाव बघून तू ते न उघडताच खिशात कोंबशील, हे मला ठाऊक आहे. कोंबू नकोस. होड्या येऊन लागल्या असतील तर लागू देत, मासे घटकाभर थांबतील. कुठेतरी कोरड्या जागी बस आणि वाच. यातलं बरंचसं आपल्याला माहीत आहे असं वाटेल, तरी एकही ओळ गाळायची नाही. मी सगळं पहिल्यापासून, क्रमानं लिहिणार आहे.

तर पहिली गोष्ट म्हणजे कंपनीनं आम्हाला टाकलं. कागदाच्या गिरणीचा बर्फावरच्या हॉकीचा संघ एवढी वर्षं चालला होता. तू यायच्या आधीच्या उन्हाळ्यात मॅनेजर गिरणीच्या फाटकावर उभा राहिला आणि म्हणाला की आता हा खर्च परवडत नाही, संघ दक्षिणेकडच्या गिरणीत हलवतोय. नुसता हलवला असता तर एक वेळ चाललं असतं. संघाचं नाव नेलं, जर्सी नेल्या, आमच्या पोरांनी जिंकलेले चषक कपाटातून काढून ट्रकमध्ये घातले. खेळायची बर्फाची रिंक तेवढी राहिली, कारण ती जागा गावाची होती आणि बर्फ ट्रकमध्ये घालता येत नाही.

त्याच आठवड्यात आम्हा फिनलंडकडच्या लोकांच्या फिनिश हॉलमध्ये सभा भरली. तुला माझा वेइक्को ठाऊकच आहे. लाकडाच्या वखारीत मुकादम, दिवसाला चार शब्द बोलणारा. त्याला माझ्याशी लग्न करायचंय हे मला त्याच्या भावाकडून कळलं होतं. तो माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "संघ कंपनीचा होता. हॉकी आपली आहे." एवढं बोलून खाली बसला. मग मात्र हॉलमध्ये जो गलका झाला, तो आवरेना.

लीगच्या बैठकीला तो आणि गोलकीपर टाउनो पोर्ट आर्लेनला गेले. अध्यक्षानं विचारलं, मालक कोण? वेइक्को म्हणाला, सगळं गाव. तिथले कोटवाले हसायला लागले. अध्यक्ष म्हणाला, "बिनमालकाचा संघ? मग तुम्ही अनाथच की रे." वेइक्को म्हणाला, "लिहा. तेच नाव लिहा." असे आपण ऑर्फन्स, म्हणजे अनाथ, झालो. टाउनो सांगायचा, की लिहून होईपर्यंत वेइक्को त्या कागदावरून नजर हलवायला तयार नव्हता.

पहिल्या हिवाळ्यात तू आलास. ओले बूट, एक पिशवी आणि तुझं समुद्रकाठचं फ्रेंच, जे आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. माझं इंग्रजीही काही धड नाही. पण जेवणाच्या टेबलावर आपलं कधी अडलं नाही. वेलचीचा पाव पुढे ठेवला की तू मान डोलवायचास आणि अख्खा संपवायचास. वरची खोली तुला दिली. गावातल्या प्रत्येक घरात एकेक खेळाडू होता, कारण त्यांना ठेवायला संघाजवळ दुसरी सोय नव्हती. बर्फाचं यंत्र बिघडलं तेव्हा आम्ही बायकांनी नळ्या धरून रिंकवर पाणी सोडलं. टाउनो गिरणीतली पाळी संपवून केसांत लाकडाचा भुसा घेऊनच गोलात उभा राहायचा.

आणि आपण हरायचो. पण तुझा खेळ बघायला मिळायचा. तू धिप्पाड होतास, आणि तरी काय हलका खेळ होता तुझा. त्या काळ्या चकतीला काठी लावलीस की समोरचे दोघे भलत्याच बाजूला गेलेले असायचे, आणि तू त्यांच्यामधून निघून जायचास. हे तुझ्या लक्षात नसलं तर मी सांगते म्हणून धर. मी पाहिलंय. बाकं निम्मी रिकामी होती, म्हणून फार लोकांनी पाहिलं नाही, इतकंच.

मग पोर्ट आर्लेनच्या एका आडदांड गड्यानं टाउनोला पाठीमागून आडवं केलं. टाउनो उठेना. तू हातमोजे काढून टाकलेस आणि त्या गड्याला दोन ठोशांत लोळवलंस. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि आपला प्रशिक्षक केरिगन तुझ्याकडे न बघता लोकांकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तुझं काम ठरलं. तुला गोल करायला पाठवणं बंद झालं. बाकं भरायला लागली. लोक तुझं नाव घेऊन मारामारी मागायचे आणि केरिगन तुला खूण करायचा. रात्रीच्या जेवणाला तू दोन्ही हात बर्फाच्या बादलीत घालून बसायचास, काटा धरता यायचा नाही, आणि मी विचारलं की म्हणायचास, "मावशी, यानं संघ चालतोय ना? मग चालू दे." एकवीस वर्षांचं पोर गावाचं पोट आपल्या मुठींवर घेऊन बसलं होतं.

दुसऱ्या मोसमात पोर्ट आर्लेनलाच तुझं डोकं बर्फावर आपटलं. त्यानंतरचं तुला आठवत नसेल. जिन्याच्या मध्यावर थांबून कुठली खोली आपली, असं तू मला विचारलंस. मला आर्मांदीन म्हणून हाक मारलीस, तुझ्या बहिणीच्या नावानं. आणि एकदा गाडीत शेजारी बसलेल्या टाउनोचं नाव तुला येईना. तो हसला, त्याला थट्टा वाटली. तू खिडकीकडे तोंड करून रडत होतास. डॉक्टर म्हणाले, आणखी एक फटका बसला तर काय होईल ते सांगता येत नाही. केरिगन म्हणाला, एवढं डोकं दुखत असेल तर जाऊन शाळेत मास्तरकी कर.

फेब्रुवारीत तू सकाळच्या बसनं गेलास. कांबळी घडी करून ठेवली होतीस. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही आणि कधी दिलाही नाही. पण त्या आठवड्यात केरिगननं दारूच्या गुत्त्यात, चारचौघांत सांगितलं की ओविला भ्याला आणि पळाला.

तो शब्द माझ्या घरापर्यंत आला तेव्हा मी भांडी घासत होते. भांडी तशीच ठेवून मी बाहेर पडले आणि दारोदार गेले. संध्याकाळपर्यंत आम्हा बायकांचं ठरलं. केरिगन आहे तोवर एकाही घरात खेळाडूला ताट नाही, बिछाना नाही, जर्सी धुणं नाही, आणि नवऱ्यांसाठीही चूल बंद. पुरुषमंडळींना आधी गंमत वाटली. मग पोरं रिंकवरच्या बाकांवर झोपायला लागली, जर्सींचा वास तीन घरं लांब जायला लागला, आणि माझ्याच घरात वेइक्को डब्यातले गार मासे खाऊन कामावर जायला लागला.  

शेवटी सभा बोलवावी लागली. केरिगन सगळ्यांसमोर म्हणाला, "बायकांना हॉकीतलं काय कळतं?" मी म्हटलं, "नसेल कळत. पण पोरांच्या उशांचे रक्ताचे अभ्रे आम्ही धुतो. तू एक तरी धुतलायस का?"  मग वेइक्को उठला. टेबलाशी गेला, हात पुढे केला आणि म्हणाला, "केरिगन, रिंकची किल्ली दे." संघ गेला तरी चालेल, पण आपलं पोर कुणाला मारायला पाठवायचं नाही, असा ठराव त्या दिवशी झाला. हात वर करणाऱ्यांत टाउनो पहिला होता.

पुढचा मोसम फार वाईट गेला, खोटं कशाला सांगू? प्रशिक्षक म्हणून वेइक्कोलाच उभं राहावं लागलं. बाकं परत रिकामी झाली. बाहेरगावी आपल्याला 'विणकाम मंडळ' म्हणायचे. एका ठिकाणी लोकरीचे गुंडे बर्फावर फेकले. आम्ही ते सगळे गोळा करून आणले. लोकर चांगली होती, टाउनोचे हिवाळ्याचे मोजे त्यातूनच झाले.

आणि मग पोर्ट आर्लेन इथे आलं. पहिल्या मिनिटापासून त्यांनी हाणामारी मांडली. आपली पोरं हात खाली ठेवून उभी. आपलेच लोक ओरडत होते, अरे मार की, हात मोडलेत का? वेइक्को जागचा हलला नाही. पंचांनी त्यांचा एकेक गडी दंड म्हणून बाकावर बसवला, बर्फावर त्यांचे कमी आणि आपले जास्त झाले, आणि आपण गोल केला. मग आणखी एक. ओठ फुटलेली पोरं चकती एकमेकांकडे देत होती, आणि ओरडणारे लोक हळूहळू गप्प झाले. मग उभे राहिले. तुझ्यासाठी उभे राहायचे तसेच, पण या वेळी कुणी पडलेलं नव्हतं. आपण जिंकलो. त्या वर्षी शेवटून दुसरे आलो. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात हरलो आणि सगळं गाव बस अडवून नाचलं.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. ऑगस्टमध्ये वेइक्को गेला. वखारीतून घरी आला, सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवायला लाकडं फोडली आणि ओसरीवर टेकला, तो टेकलाच. मी रडून घेतलंय, त्याबद्दल इथे लिहीत नाही. संघाची अध्यक्ष आता मी आहे. आर्मांदीनचं पत्र आलं. तू तिथे लोकांना सांगतोस म्हणे, की मी कधी हॉकी खेळलोच नाही. तिला मात्र सांगितलंस की त्या दोन वर्षांचं फारसं काही आठवत नाही, एवढंच आठवतं की आपण पळून आलो. ओविला, तू पळाला नाहीस. तुझ्या आठवणीत जे नाही ते वर लिहिलंय. केरिगनचा शब्द काढून टाक आणि त्या जागी हे ठेव. गेल्या महिन्यात सभेत मी नवा प्रशिक्षक म्हणून तुझं नाव मांडलं. पोरांना मारामारीवाचून खेळ शिकवायला तुझ्याइतका योग्य माणूस मला माहीत नाही. एकानं विचारलं, त्याला पोरांची नावं तरी लक्षात राहतील का? मी घरी आले आणि शिवणयंत्र उघडलं. पोरांच्या प्रत्येक जर्सीवर, छातीवर, वीतभर निळ्या अक्षरांत ज्याचं त्याचं नाव शिवलंय. लीगनं कळवलं की असं नियमात बसत नाही. मी कळवलं की शिवून झालंय. तुझ्याही मापाची एक आहे. तिच्यावर काही लिहिलेलं नाही, कारण तुझं नाव इथे सगळ्यांना पाठ आहे. बस शुक्रवारी येते. मी स्टॉपवर उभी असेन, तू आलास तरी आणि नाही आलास तर पुढच्या शुक्रवारीही.

तुझीच,
हिल्कामावशी