राखाडी दांडा

प्रिय माकिको,

परवा फोनवर बोलल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. मुळ्याचं लोणचं घालायला घेतलं तर मीठ दोनदा पडलं. काल बसनं बंदरावर जाऊन आलो. इवाफुने कोळ्याची होडी खेकड्यांसाठी बाहेर गेलेली. तिथल्या वाऱ्यात उगाच उभा राहिलो आणि परतलो.

तुझा पंपाचा दांडा त्याच होडीत आहे. हिवाळाभर खाऱ्या पाण्यात राहून त्याला खड्डे पडले नाहीत, तर इवाफुने आपल्या सगळ्या होड्यांसाठी असेच दांडे घेणार. पडले, तर तुझे साहेब कारखान्यातली तुझी भट्टी बंद करणार. हे तूच सांगितलंस. तेव्हापासून मी झोपेतही दांडाच बघतो.

तू माझ्याकडे पाठवलेला तो दांडा न्यायला इवाफुने घरी आला, तेव्हा बघून खो खो हसला. "काय रे म्हाताऱ्या, पोरीनं चुलीतून काढलाय की काय? पॉलिशवाल्याच्या घरचं स्टील आणि असं राखाडी?" मला फार लागलं गं. आमच्या त्सुबामे गावात चमचासुद्धा तोंड दिसल्याशिवाय कुणी गिऱ्हाइकाला देत नाही. त्याला चहा दिला आणि मागच्या खोलीत जाऊन दांडा पॉलिशच्या चाकावर धरला. अर्ध्या तासात आरसा! इवाफुनेनं त्यात बघून मिशी सारखी केली. म्हणाला, "आता कसं! पोरगी बापावर गेलीय." मी कोंबड्यासारखा फुगलो.

आणि परवा तू किती आनंदात सांगत होतीस, "बाबा, तो राखाडी रंग पाहिलात ना? तेच माझं काम. मंद आचेवर स्टीलमध्ये नायट्रोजन मुरवलाय. आच वाढली तर स्टील कडक होतं, पण गंजतं. ते वरचं राखाडी कातडंच खड्डे अडवतं, आणि ते केसाहून पातळ आहे." मी नुसतं हं हं केलं. शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण एवढं कळलं की ते कातडं माझ्या चाकाच्या धुळीत गेलं.

म्हणून हे लिहितोय. होडीत आहे तो दांडा तुझा नाही, माझा आहे. त्याला खड्डे पडले तर ते तुझ्या नावावर येतील. साहेबांना आजच सांग, माझं नाव घेऊन सांग. दुसरा दांडा पाठव, राखाडीच पाठव. मी स्वतः बंदरावर नेईन आणि तो बसेपर्यंत होडीतून उतरणार नाही. इवाफुने पुन्हा हसेल. हसू दे. माझ्या पोरीचं काम असंच दिसतं, असं त्याला सांगेन.

फोनवर हं हं करणारे,
तुझेच बाबा