ढग काय माणसाचं ऐकतो?

२८ एप्रिल
आजपासून रोज लिहिणार. बावड्याला शेतकरी मंडळाची चर्चा ठरली आहे: हवामान बिघडलं ते माणसामुळे की निसर्गामुळे? निसर्गाच्या बाजूने मी. समोरून झुंबरराव. भाषणाची सुरुवात तयार: ढग काय माणसाचं ऐकतो?
डाळिंबाचं पाणी तोडलं. उन्हाळाभर झाडाला तहानलेलं ठेवायचं, मृगाला पाणी सोडायचं, की बाग फुलांनी लगडते. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, जन्मभर हेच केलं.
लेक राजनंदिनी बारामतीहून आली. कृषी कॉलेजचं शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की बाग तीच बघणार. म्हणाली, आबा, आता मे महिन्यातबी पाऊस पडतोय, यंदा मृग बहार धरू नका, पावसाळा सरताना हस्ताचा धरा. मी म्हणालो, मे महिन्यात पाऊस? कॉलेज बदल.

६ मे
रोज लिहिणं जमलं नाही. उकाडा फार. नेहमीचाच आहे, पण फार.
झुंबरराव म्हणाले, उसाचं पाचट पेटवायचं बंद करा. एका फडाच्या धुरानं आभाळ बिघडतं व्हय, असं विचारलं आणि मुद्दा सिद्ध करायला लगेच फड पेटवला. धूर आमच्याच घरात शिरला. बायको साखरबाईनं माझं ताट मुद्दाम धुरातच वाढलं.

१५ मे
पाऊस. एखादी सर येतेच.

१७ मे
अजून चालू. सुतळी बॉम्ब वाजवले की ढग पांगतात, असं शेजारचा गेणबा सांगतो. बांधावर उभं राहून अख्खा बॉक्स वाजवला. पांगले नाहीत. बॉम्ब सादळलेले असावेत. राजनंदिनीनं विचारलं, ढग माणसाचं ऐकत न्हाय ना? तो विषय वेगळा, असं सांगितलं.

२२ मे
आज चर्चा. इस्त्रीचा सदरा घालून बसलो. मंडळाचा मेसेज: अवेळी पावसामुळे सभा रद्द. म्हणजे झुंबररावांची माघार. विजय धरायला हरकत नाही.
बाग हिरवीगार. नुसती पालवी. फुलं पानांमागे असणार.

२७ मे
ओढा बागेत शिरला. काही झाडं आडवी, उरलेल्यांवर तेल्या रोगाचे डाग. हा सगळा ढग इकडं ढकलणाऱ्या पवनचक्क्यांचा प्रताप, अशी माझी खात्री झाली आहे. साखरबाई म्हणाली, पवनचक्क्या काय झाडाला लागत्यात का, माणसानंच उभ्या केल्यात न्हवं. भाषणात पवनचक्क्या घेणार नाही.

८ जून. मृग
नारळ फोडला. पाणी सोडायचा दिवस, पण पाय टाकला तिथं चिखल. राजनंदिनीबरोबर सगळी बाग फिरलो. फूल नाही. तेल्या सगळीकडं पसरलाय, बाग काढावी लागंल आबा, म्हणाली. फार वाईट वाटलं. तिला दाखवलं नाही.

१९ जून
परीक्षा झाली, पण बघायला बाग उरली नाही. राजनंदिनी नाशिकला निघाली, बियाणे कंपनीत नोकरी धरून. इंदापूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. एसटीला वेळ होता म्हणून तिला पूर्ण भाषण म्हणून दाखवलं. ती मध्येच अडवणार हे गृहीत होतं, उत्तरं तयार होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, व्हय आबा, तुमचंच बरोबर हाय.
जिंकलो.
घरी येऊन जेवण गेलं नाही. नवी बाग लावली तर बहार कुठला धरायचा, हे तिला विचारायचं होतं. राहिलं.