खटला जिंकल्याचा गुन्हा

मिकू, सेंट लुशिया

प्रिय ऑर्टेन्सताई,

तुझ्या गुडघ्यांना आणि आवाजाला माझा नमस्कार. गुडघ्यांचं कळव, आवाजाची चौकशी करत नाही, तो डोंगरापलीकडून ऐकू येतो. मी मजेत आहे.

जन्मभर कॅरिबियन साहित्य शिकवून गावी परतले, तेव्हा एकच इच्छा उरली होती: आपल्या माणसांनी मला गाणाऱ्यांच्या मंडळात घ्यावं. (कुठल्या, ते पुढे येईल. आधी पाणी पी.) सणाच्या गाण्यांच्या ज्या तालमींवर मी व्याख्यानं झोडली, तिथे मी कायम पाहुणीच. म्हणून रविवारी दुपारी तालमीला गेले. राजा, राणी, पोलीस, न्यायाधीश, सगळे सोंग घेतलेले शेजारी. शिरल्याशिरल्या पोलिसाने मला पकडलं. गुन्हा: राणीसमोर पायावर पाय टाकून बसणे.

हे लुटुपुटूचं कोर्ट म्हणजे माझा जीव की प्राण. मळेवाल्यांच्या कोर्टात ज्या गुलामांना तोंड उघडायची मुभा नव्हती, त्यांनी आपलं कोर्ट थाटून न्यायाधीशाचंच हसं केलं, हे मी परदेशांतल्या सभागृहांत मूठ आपटून सांगितलं आहे. तेव्हा मी उभी राहिले. गुलामी काढली, ऊस काढला, केळीच्या मळ्यातल्या बायकांची मजुरी काढली, आणि हवं तसं बसण्याचा हक्क सिद्ध केला. (राणीच्या, म्हणजे टपालातल्या युडोक्सीच्या, डोळ्यांत पाणी आलं.) न्यायाधीश गास्टन पाववाल्याला मला निर्दोष सोडावं लागलं. आणि ढोल थांबले. या कोर्टातून कधी कोणी सुटतच नाही. गुन्हा कबूल करायचा, दंडाची रम पाजायची, गाणं पुढे.

"बाई, तालमीचं मयत करून टाकलंत," गास्टन म्हणाला. "आता हसायचं कुणाला?"

"पण न्याय झाला ना?" मी विचारलं.

"न्यायच हवा होता तर शहरात जायचं," युडोक्सी डोळे पुसत म्हणाली. "इथं कशाला तडमडलात?"

पोलिसाने मला पुन्हा पकडलं. नवा गुन्हा: खटला जिंकणे. या वेळी मी मान खाली घालून कबूल केलं, आणि मंडळी अशी हसली की आजवरच्या सगळ्या टाळ्या फिक्या पडल्या. शिक्षा झाली, आणि मी त्यांच्यातली झाले.

तुझी,
सिल्वानी

ता.क. मंडळ रोझचं, म्हणजे गुलाबवाल्यांचं आहे. आपलं घर पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वैरी मंडळाचं, म्हणजे मार्गरीटचं, आणि तू मार्गरीटची मुख्य गायिका, हे मी विसरलेले नाही. आईला तूच सांग. मी सांगितलं तर त्याचं भाषण होईल.

पुन्हा ता.क. शिक्षा अशी: सणाच्या मिरवणुकीत पहिलं गाणं मी म्हणायचं. भाषण नाही, गाणं. शनिवारी येऊन मला शिकव. मागच्या दाराने ये. गाणं तुमच्या मंडळाची खिल्ली उडवणारं आहे. दुसरं कडवं तर तुझ्यावरच आहे, आणि त्यातला वरचा सूर मला काही केल्या लागत नाही.