नऊ दिवसांऐवजी तीन

मी, रॉडरिक मॅकगिलिस, वय बहात्तर, मडवास्का नदीच्या खोऱ्यातला लाकूडतोड्या, गुडघे कामातून गेले तरी डोकं शाबूत असताना, कुणीही भरीस न घालता हे लिहवून ठेवतो.

कलम पहिलं. घर, गाय आणि लोखंडी चूल बायको कर्स्टीची. जावयानं चुलीला हात लावायचा नाही. तीन हिवाळे तिच्यापुढं तंगड्या पसरून बसलाय, तेवढं पुरे.

कलम दुसरं. कुऱ्हाड लेक मोरागला; नवऱ्यापेक्षा तिचा घाव नीट बसतो. मोठी करवत शेजारच्या बेलांजेकडे आहे. 'दोन दिवसांत देतो' म्हणाला, त्याला अठरा वर्षं झाली. आता ठेव म्हणावं, बाबा.

कलम तिसरं. नदीपलीकडची सगळी जमीन धाकटा भाऊ एनस याची. का, ते ऐका.

अठराशे एकोणपन्नासच्या वसंतात ओंडके नदीतून वाहवत खाली नेताना एनस धबधब्यात गेला. आमची रीत अशी, की प्रेत मिळालं नाही तर नऊ दिवस काठावर थांबायचं, मग तळावरचे त्याचे जादा बूट झाडाला टांगायचे. बूट टांगले की माणूस मेला, त्याची ठरलेली बायको मोकळी. टोळी ओंडक्यांबरोबर पुढं गेली, मी एकटा थांबलो. तिसऱ्याच दिवशी बूट टांगले. उरलेले सहा दिवस रिकाम्या झोपडीत लपून काढले आणि घरी नऊ सांगितले. कर्स्टी एनसला दिलेली होती आणि मला ती हवी होती. झालं, बोललो एकदाचं.

एनस जिवंत होता. पाय मोडला होता. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या अल्गॉन्क्विन आदिवासींनी त्याला बाहेर काढलं. आठव्या दिवशी त्यांचा माणूस निरोप घेऊन आला, बूट पाहिले, काठावर कुणी नाही म्हणून परतला. सुगीत एनस स्वतः दारात उभा राहिला. आमचं लग्न होऊन महिना झाला होता. "दादा, फार घाई केलीस रे," एवढंच मला म्हणाला. कर्स्टीपाशी अवाक्षर काढलं नाही.

ज्याचे बूट एकदा टांगले, तो जिवंत परतला तरी त्याला कुणी मुकादम ओंडक्यावर चढू देत नाही. नदी आपलं माणूस परत मागते म्हणतात. या खोऱ्यातला पहिल्या नंबरचा गडी चाळीस वर्षं तळावर घेवडा शिजवत राहिला. माझ्यामुळं. जमिनीनं ते भरून येणार नाही, मला कळतं.

कलम चौथं. हे कर्स्टीला आजच वाचून दाखवावं. ती मला सोडून गेली तरी घर तिचंच.

साक्षीदारांची नोंद. वरील मजकूर वाचून दाखवला. कर्स्टीबाई रॉडरिक यांना म्हणाल्या, "रॉरी, पाचव्या दिवशी मी तुझ्यासाठी पाव घेऊन धबधब्यापर्यंत आले होते. बूट पाहिले. उतरवायला हात पुरत होता. उतरवले नाहीत." मग बाई आम्हांला म्हणाल्या, "मास्तर, तिसऱ्या कलमाखाली माझीही सही घ्या."

ती घेतली.

लिहून देणार : रॉडरिक मॅकगिलिस
तिसऱ्या कलमापुरती : कर्स्टी मॅकगिलिस
साक्षीदार : इवन मॅकरे (शाळामास्तर) आणि फादर अँब्रोज डोयल
मुक्काम मॅकगिलिस वळण, ३ नोव्हेंबर १८८९