आल्माच्या डाव्या हाताची गाठ

विचिटा, ४ मे १९२५

ती. बाबांस,
आल्माचा सा. न. वि. वि.

आईने पाठवलेला राय धान्याचा पाव पोचला. विमानांच्या शेडमधल्या बायकांनी तो उभ्या उभ्याच फस्त केला, माझ्या वाट्याला फक्त कडा आल्या!

आमचं छोटं दुपंखी विमान पुन्हा तयार झालंय. दोनच माणसांचं, आणि इतकं हलकं की मी एकटी शेपूट उचलते. गेल्या खेपेला वर गेल्यावर पंखाचं कापड फासळ्यांवरून सुटून फुगलं आणि वैमानिक कसाबसा गव्हाच्या शेतात उतरला. पुन्हा तसं झालं तर शेडला कुलूप, असं मालकांनी बजावलंय. तेव्हा कापड फासळ्यांना बांधायला मला तुमची खोगिराची गाठ आठवली. कापड शिवणाऱ्या सहाही जणींना माझ्या पाठीमागे उभं करून, खांद्यावरून दाखवत मी ती शिकवली. मोटारींनी तुमचा धंदा बुडवला म्हणून विमानांवरही चिडता ना? घ्या, विमानाला तुमचीच गाठ लागली.

एक सांगायचं राहिलं. शनिवारी ते विमान आपला नील्स उडवणार आहे. रागावू नका.

तुमच्या दोन्ही उनाड पोरांवर सारखाच लोभ असू द्यावा.

आल्मा

लिंड्सबोर्ग, ६ मे १९२५

चि. आल्मास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी छाती फुगली, मग धडधडू लागली. अगं वेडाबाई, तू डावखुरी आहेस! मी तुला समोर बसवून, आरशात बघावं तसं शिकवलं ते उगीच नाही. तुझ्या खांद्यावरून बघणारी उजव्या हाताची बाई पहिला वेढा तुझ्यासारखा घेईल आणि दुसरा आपल्या सवयीने. दिसायला गाठ तीच, पण ताण बसला की सरकणार.

नील्सला थांबवत नाही, तुझा भाऊ कधी कुणाचं ऐकतो? पण त्याच्या डोक्यावरच्या पंखाची एकेक गाठ तू स्वतः ओढून बघ. तुझ्या आईला मी अजून काही बोललेलो नाही.

तुझा बाबा

विचिटा, १० मे १९२५

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. गाठी ओढून पाहिल्या. दहातल्या चार सरकल्या. मालकांना सांगितलं की चूक माझी आहे. ते लालबुंद झाले, पण कात्री त्यांनीच आणून दिली. सहाही जणींना समोर बसवून पुन्हा शिकवलं, दोन दिवस खपून सगळ्या गाठी नव्याने मारल्या आणि वर रोगण चढवलं.

काल नील्स चाळीस मिनिटं वर होता. बाबा, कापड तसूभरही हललं नाही! खाली उतरला तो पंखावर थोपटत म्हणाला की हे आमच्या म्हाताऱ्याचं काम आहे. मालकांनी विमानाच्या आराखड्यावर आपल्या आडनावाने ‘लिंडक्विस्ट गाठ’ असं लिहायला सांगितलंय. मी तुमची मुलगी आहे, हे काल शेडभर सांगत फिरले.

आता आईलाही सांगा, आणि माझ्यावरचा राग सोडा.

आल्मा

लिंड्सबोर्ग, १३ मे १९२५

चि. आल्मास आशीर्वाद.

आईला सांगितलं. आधी ती मला बोलली, मग शेजारीपाजारी सांगायला गेली ती अजून परतली नाही.

तुला कळवलं नव्हतं, पण या महिन्यात मी दुकान बंद करून पाटी उतरवणार होतो. काल शिडी घेतली, आणि पाटी ओलांडून थेट छपरावर चढलो. तिथे पांढऱ्या रंगात पुरुषभर उंचीची अक्षरं काढली आहेत: लिंडक्विस्ट, साज, खोगीर आणि विमानं. खालून कुणालाच दिसत नाहीत. नील्सला म्हणावं, इकडून जाशील तेव्हा वाच.

तुझा बाबा