उलट्या खुर्चीचं माप

आबा, तुमच्या नातीचं माप घ्यायचं होतं आणि ते मला घेता येत नव्हतं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी ही झाली, त्यामुळे तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आता तिला नववं लागलं आहे. अंगानं काटकुळी, पण जिभेनं तुमच्यावर गेलेली; मी रंधा मारत असलो की शेजारी बसून माझ्या चुका काढते. गेल्या पावसाळ्यात तिला दमा जडला आणि दिवाळीनंतर तो इतका वाढला की पोरीला आडवं पडता येत नाही. पाठ टेकली की श्वास अडकतो, डोळे विस्फारतात, ओठ काळेनिळे पडतात. वैद्यांचा अडुळसा झाला, मध-पिंपळी झाली, धोत्र्याच्या पानांची धुरी झाली. तुमच्या सूनबाईनं नवस किती बोललेत ते आता तिचं तिलाही आठवत नसेल. पोर बसल्या बसल्या पेंगते, कलंडते, घुसमटून जागी होते. वैद्य म्हणाले, "झोप मिळाली तर ही तगेल. औषध मी देतो, झोप कुठून देऊ?" मी त्यांच्यावरच डाफरलो. मग घरी येऊन ओसरीवर नुसता बसून राहिलो, कारण मी सुतार माणूस, लाकडापलीकडे मला काय येतं?

आणि सोमवारी दिवेलागणीला मला ती खुर्ची दिसली. खुर्ची नव्हे, पोरगी दिसली. दम उसळला होता, तिची आई चुलीपाशी होती. पोर माझ्या हत्यारांच्या पेटीपुढे पाटावर बसली आहे, पेटीवर तिनं धान्य मापायची पायली पालथी घातली आहे, दोन्ही कोपरं पेटीवर आणि कपाळ पायलीवर. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आणि तशी वाकल्यावर तिचा श्वास थोडा, अगदी थोडा, मोकळा झाला. मी दारात हातपाय न धुता तसाच उभा. आपण जिला उलटी खुर्ची म्हणायचो, ती कशासाठी होती हे मला इतक्या वर्षांनी त्या दारात कळलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली आठवत असेल. ठाण्याला तलावाजवळच्या त्या जुन्या ख्रिस्ती घरातली. घराची खिडक्या-दारं दुरुस्त करायला आपण गेलो होतो, माळ्यावर ती सापडली, आणि घरचे म्हणाले, आम्हालाही ठाऊक नाही ही काय आहे, घेऊन जा. शिसवीची, आपल्या पणजोबांच्या काळातली असावी. पाठ टेकायला काहीच नाही, आणि पुढे मात्र दोन खांबांवर एक तिरकी फळी. फळीच्या मधोमध उथळ खळगा, खाली दोन बाजूंना आणखी दोन. ती आपल्या कल्याणच्या पडवीत आली आणि आळीतल्या प्रत्येकाला अक्कल फुटली. कुणी म्हणे कारकुनाचं लिहायचं मेज. तुम्ही विचारलंत, मग दौत घसरून मांडीवर पडेल त्याचं काय? कुणी म्हणे प्रार्थनेला बसायची. मी म्हणालो, फिरंग्यांच्या अमलात कैद्याला हात बांधून बसवायची असणार. माझं मलाच ते इतकं आवडलं की मी ते गावभर सांगत सुटलो.

तुम्ही हसला नाहीत. माझं बोट धरून मधल्या खळग्यातून फिरवलंत. "हा काळपटपणा लाकडाचा नाही. तेल आहे, माणसाच्या कपाळाचं. बांधून ठेवलेला माणूस धडपडतो, ओरखडे काढतो. इथे एक तरी ओरखडा दाखव." मी म्हणालो, मग काय आहे ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात, "मला नाही कळलं अजून." केवढ्या सहज म्हणालात. चार माणसांत मला ते कमीपणाचं वाटलं. आणि मी जेव्हा म्हटलं की नुसती अडगळ आहे, फोडून फळ्या तरी वापरू, तेव्हा तुम्ही हातातली पटाशी खाली ठेवून बोललात, "ज्या वस्तूचा उपयोग कळला नाही, तिला करवत लावायची नाही." वर्षभर मी तिला वळसे घालून ये-जा केली.

मग तुम्ही आत्याकडे पेणला गेलात. रेल्वेच्या यार्डात सुतारांची भरती होती, आणि साहेबाला एक नक्षीची पेटी करून दिली तर काम पक्कं, असं मला कुणीतरी सांगितलं. एवढी शिसवी मी कुठून आणणार होतो? दोन दिवसांत मी ती खुर्ची कापली. पेटी झाली, नोकरी झाली, साहेब पेटी घेऊन विलायतेला गेला. तुम्ही परत आलात तेव्हा मी सांगितलं की ठाण्याची माणसं आली होती, खुर्ची परत घेऊन गेली. तुम्ही एवढंच विचारलंत, "कशाची होती, ते विचारलंस का?" मी म्हणालो, विसरलो.

आबा, तुमचे शेवटचे तीन आठवडे आता माझ्यापुढून हलत नाहीत. तुमच्याही छातीत कफ भरला होता, तुम्हालाही पडवत नव्हतं. आम्ही मायेनं, सेवा म्हणून, तुम्हाला धरून धरून उताणं निजवत होतो. तुम्ही उठून बसायचात, खांबाला कपाळ लावायचात, आणि मी, तुमचा मुलगा, तुमचे हात सोडवून पुन्हा निजवायचो. एका पहाटे तुम्ही म्हणालात, "ती खुर्ची आता असती तर." मला वाटलं, वातात बोलताय. तुम्हाला कळलं होतं ना? तुम्हाला तेव्हा कळलं होतं, आणि मी तुम्हाला काढा पाजत बसलो.

सोमवारी रात्रीचं जेवण तसंच टाकून मी सागवान काढलं. आठवेल तशी खुर्ची करायला घेतली, यार्डात शिकलेली फूटपट्टी लावून, पोरीला सकाळी बरं वाटत असताना ताठ बसवून माप घेतलं. गुण्या लावून प्रत्येक काटकोन तपासला, एक रेघ चुकली नाही. बुधवारी तिला बसवलं तर कपाळ खळग्यात पोचेना, कोपरं घसरली, आणि पोर तिथेच खोकून खोकून रडकुंडीला आली. म्हणाली, "बाबा, ही माझी नाहीच आहे." बुडत्याला काडीचा आधार म्हणून गुरुवारी आगगाडीनं ठाण्याला गेलो. ते घर विकलं गेलं आहे, पण त्यांच्यातली एक म्हातारी पलीकडच्या वाडीत लेकीकडे असते. सत्तरीच्या पुढची, दारात मासळी निवडत होती. मी हातवारे करून खुर्ची सांगितली आणि ती हसलीच.

"ती? ती आमचे आजाची. त्याला दम व्हता. आडवा पडला का जीव घुसमटं. त्या खुर्चीवर त्यो बारा वर्सं झोपला."

"माप कसं घेतलं होतं, काही ऐकलंय का तुम्ही?" मी विचारलं.

"सुतार पंधरा दिस आमचे पडवीत येऊन राह्यला व्हता, आई सांगं. बरा असताना माप नय घेतला त्यानी. म्हणं, बरा माणूस येगळा न् दम लागलेला माणूस येगळा. दम उसळला का सुतळी घेऊन धावं." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "कोणाला हाय रे, बाबा?"

मी सांगितलं. तिनं हातातली मासळी तशीच ठेवली आणि छातीवर क्रूस काढला.

इतकं साधं होतं. दम लागला की खांदे कानांपर्यंत चढतात, पाठीला बाक येतो, मान पुढे येते. त्या वेळी ते शरीरच दुसरं असतं. हे त्या जुन्या सुतारानं ओळखावं, आणि मी यार्डातल्या डब्यांची बाकं करून करून माणसाचं माप घ्यायचं विसरलो. पण साधं म्हणून सोपं नाही. दोन दिवस मी खिशात सुतळी घालून घरात फिरत होतो, आणि पोर नेमकी बरी. तिची आई देवापुढे साखर ठेवत होती आणि मी भिंतीला टेकून वाट बघत होतो. कशाची वाट बघत होतो ते मला माहीत होतं. कुठल्या बापाला अशी वाट बघावी लागली असेल?

काल संध्याकाळी पोरीची आई विहिरीवर गेली होती, आणि दम उसळला. आजवरचा सगळ्यात वाईट. पोर पेटीकडे धावली, वाकली, आणि एक हात मागे माझ्याकडे पसरला. मी तिच्यामागे गुडघ्यांवर बसलो. बैठकीपासून कोपर, पहिली गाठ. बैठकीपासून कपाळ, दुसरी. छातीपासून पायली किती पुढे, तिसरी. दुसरी गाठ सुटली, ती मी पुन्हा मारली. त्या सगळ्या वेळात तिचा हात तसाच पसरलेला होता.

सुतळी आता माझ्यापुढे आहे आणि फळी कापायला घेतो आहे. ही बरोबर येईल की नाही, आणि आली तरी पोर तोवर टिकेल की नाही, हे तुम्ही सांगू शकत नाही. हा कागदही मी कुठे पाठवणार? पण तिची आई परत येऊन विचारू लागली तेव्हा मी सांगितलं की मी पोरीला धरून बसलो होतो. तिसरी गाठ पक्की होईपर्यंत मी तिचा हात धरला नव्हता, आबा. तिनं एकदा मान वळवून पाहिलं, आणि मग स्वतःच हात मागे घेतला.