काढा प्यायले नाही

आई,

कळा सुरू झाल्यात. तुमचा फोन शिलाई मशीनवरच वाजत राहिला, म्हणून शेजारच्या काकूंबरोबर दवाखान्यात जातेय. घाबरू नका, कळा अजून लांब लांब आहेत.

काढा ओट्यावर झाकून ठेवलाय. काल मी तो प्यायला कचरले आणि तुम्ही रुसून आत गेलात, म्हणून आज सकाळी नर्सबाईंना फोन करून त्यातलं एकेक विचारलं. आल्याने मळमळ कमी होते, याला चांगला आधार आहे म्हणाल्या. मेथीने दूध वाढतं का, यावर थोडेच अभ्यास झालेत, खात्रीने काही सांगता येत नाही. पण कळा येण्यासाठी तुम्ही जी मुळी घातलीत, तिने बाळाला काय होतं हे कुणी नीट तपासलेलंच नाही. म्हणून माझा धीर झाला नाही. तुमच्यावर अविश्वास नाही.

खरं सांगू? झाकण उचललं आणि त्या वासाने माझी आई डोळ्यांपुढे उभी राहिली. ताईच्या बाळंतपणात तीही अशीच गॅसपाशी ताटकळत असायची. ती गेल्यापासून माझ्यासाठी कुणी इतका वेळ काही उकळत बसलं नव्हतं. पेला ओठांपर्यंत नेला होता मी.

तुमचा मुलगा जहाजावर, त्याला इतक्यात येता यायचं नाही. मला आत्ता जवळ कुणीतरी हवंय, जिच्यापुढे मोकळेपणी रडता येईल. राग असला तरी या. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगून ठेवते, माझी आई येणार आहे, तिला आत सोडा.

तुमची सून